जुना लॅपटॉप: एसएसडी टाकावी, रॅम वाढवावी की नवाच घ्यावा?

सायंतारा | शुक्रवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. लॅपटॉप २०१४च्या दिवाळीत घेतला. आय५, ४२१०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज ८.१ होतं, नंतर फुकट अपग्रेडमध्ये १० झालं.

काल घड्याळ लावून बघितलं. बटण दाबल्यापासून वर्डमध्ये पहिलं अक्षर उमटेपर्यंत सहा मिनिटं दहा सेकंद गेली. ब्राउझरमध्ये तिसरी टॅब उघडली की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. मुलं समोर वह्या उघडून बसलेली असतात आणि मी पडद्याकडे बघत असते.

स्टेशनजवळच्या दुकानात दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, एवढ्या जुन्या मशीनवर पैसे घालू नका." भाचा म्हणतो फक्त रॅम टाक. नव्याला पैसे नाहीत असं नाही, पण स्क्रीन चांगली आहे, कीबोर्डवर हात बसलाय, बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बदलली आहे. चांगली वस्तू नुसती मंद झाली म्हणून टाकून द्यायची, हे मनाला पटत नाही. आणि यात बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत.

काय करू?

---

गिरणगावकर | शुक्रवार, रात्री ११:२०

ताई, मी हेच केलंय, त्यामुळे सांगतो. माझा २०१३चा आहे. आधी भाच्यासारखाच विचार करून रॅम ४ची ८ केली. फरक पडला, पण थोडा. टॅब जास्त उघडायला लागल्या, सुरू व्हायला मात्र तेवढाच वेळ. चार महिन्यांनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावली आणि त्या दिवशी खरा फरक कळला. उलट क्रमाने केलं असतं तर चार महिने वाचले असते.

---

दुरुस्तीवाला | शनिवार, सकाळी ८:०५

परळला माझं लहानसं दुकान आहे, अठरा वर्षं हेच काम करतोय.

ताई, तुमचा प्रोसेसर म्हातारा आहे, पण वर्ड, ब्राउझर, पीडीएफ, झूम याला पुरून उरतो. अडतंय ते डिस्कपाशी. का अडतं ते सांगतो, कारण दुकानात हे सांगायला कोणाला वेळ नसतो.

लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती तबकडीवर सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावं लागतं. त्याआधी सुईला त्या पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. एका वाचनाला सतरा-अठरा मिलिसेकंद धरा. सेकंदाला झाली पंचावन्न-साठ वाचनं. विंडोज सुरू होताना अशी हजारो बारीक बारीक वाचनं लागतात आणि ती सगळी तबकडीभर विखुरलेली असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सुई नाही. एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. जाहिरातीत ५५० एमबी प्रति सेकंद असा आकडा असतो, तो मोठी फाइल सलग वाचतानाचा. तुम्हाला जो फरक जाणवेल तो या बारीक वाचनांचा असेल.

रॅमचं म्हणाल तर ४ जीबी आता कमीच. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा. ती भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं. म्हणजे रॅमची तंगी शेवटी त्या बिचाऱ्या डिस्कच्याच डोक्यावर बसते. बाण थिजतो तो त्यामुळे.

दोन्ही करा, आधी एसएसडी. पण काही विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघून इथे लिहा:

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' पुढे काय आहे? दोनपैकी एक, की दोन्ही?

त्याच पानावर डिस्क. लॅपटॉप अडकतो तेव्हा ती १०० टक्क्यांवर असते का?

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. उघडल्यावर 'हेल्थ स्टेटस'चा रंग निळा आहे, पिवळा आहे की लाल?

आणि हो, लॅपटॉप टेबलावर ठेवून डोळे त्याच्या पातळीवर आणून बघा. टचपॅड वर आलंय का, तळ फुगलाय का? बॅटरी फुगली असेल तर बाकीचं काहीही नंतर. फुगलेली बॅटरी घरी उचकटायची नाही.

---

मीठागर | शनिवार, सकाळी १०:४०

मी थोडा विरोधात बोलतो, राग नसावा.

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. ताईंचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. म्हणजे एसएसडी टाकून वेग आला तरी खालची जमीन सरकलेली आहे. त्यात २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. एवढा खर्च करण्यापेक्षा आठव्या पिढीचा, ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप घ्यावा असं माझं मत.

---

दुरुस्तीवाला | शनिवार, दुपारी १:१५

मीठागर, मुद्दा बरोबर आहे आणि मी गिऱ्हाइकाला तो सांगतो. पण ताईंच्या मशीनमध्ये लागते त्या जुन्या पिढीच्या रॅमची, डीडीआर३ची, गोष्ट वेगळी आहे. नव्या मशीनमध्ये ती जातच नाही. तुटलेल्या लॅपटॉपमधून निघालेल्या रॅमच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे स्टिक, बाजारात फिरत असतात, त्यातली एक घ्यायची. रॅम सहसा झिजून खराब होत नाही, तपासून घेतलेली जुनी स्टिक वर्षानुवर्षं चालते. एसएसडी मात्र जुनी घेऊ नये, ती लिहिता लिहिता झिजते.

आणि एसएसडी वाया जात नाही. उद्या हा लॅपटॉप मेला तरी तीच काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की बाहेरची डिस्क तयार.

माझी रेघ अशी: डीडीआर२चा जमाना, कोअर २ ड्युओ वगैरे, त्यावर खर्च करू नका. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असेल, स्क्रीन आणि बिजागऱ्या धड असतील तर करा. बिजागरी तुटून पडदा हातात आलेला असेल तर नको.

---

सायंतारा | शनिवार, रात्री ९:३०

सगळं बघितलं.

स्लॉट: दोनपैकी एक वापरात. डिस्क: सुरू केल्यापासून दहा मिनिटं १०० टक्क्यांवरून हलतच नाही. बॅटरी फुगलेली नाही, तळ सपाट आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फोचा रंग पिवळा. 'कॉशन' लिहिलंय. खालच्या यादीत 'सी५, करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या ओळीपुढे पिवळा ठिपका आहे आणि शेवटी बरेच शून्य, मग १८.

अजून एक. रात्री पंखा बंद केल्यावर डावीकडच्या तळव्याखाली टक्... टक्... असा आवाज येतो. मला वाटायचं तो आतल्या पंख्याचा आहे.

---

दुरुस्तीवाला | शनिवार, रात्री ९:४१

ताई, लॅपटॉप बंद करा. आत्ता. बाकी सविस्तर लिहितोय.

---

दुरुस्तीवाला | शनिवार, रात्री १०:१०

ते १८ षोडशमान पद्धतीतलं आहे, आपल्या हिशेबात २४. डिस्कवरच्या २४ जागा अशा आहेत ज्या तिला वाचता येत नाहीयेत आणि सोडताही येत नाहीयेत. टकटक हा सुई परत परत प्रयत्न करतानाचा आवाज. अशी डिस्क सहा महिनेही चालते आणि उद्या सकाळी उठतही नाही. सांगता येत नाही.

आता वेग, रॅम, विंडोज सगळं बाजूला. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आधी.

काय करायचं नाही ते पहिलं: डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे जुळवून लावणं) नाही. चेकडिस्क नाही, ती डिस्कला पूर्ण तंगवते आणि वाचता न आलेल्या फाइलींचे तुकडे उडवते. अख्ख्या डिस्कचं क्लोनिंगही पहिल्या फटक्यात नाही. क्लोन करणारं सॉफ्टवेअर पहिल्यापासून शेवटपर्यंत जात राहतं आणि खराब जागेवर अडून बसतं, तोवर तुमचं महत्त्वाचं मागेच राहतं.

बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा. सर्वात प्रिय फोल्डर पहिला कॉपी करा, मग दुसरा. एखादी फाइल अडली तर 'स्किप' म्हणा, तिच्यावर हट्ट करू नका. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा, हलवू नका.

---

पेंग्विनप्रेमी | शनिवार, रात्री १०:५५

दुरुस्तीवाल्यांना पूर्ण अनुमोदन. यात भर घालतो.

ही कॉपी विंडोजमधून करण्यापेक्षा लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) लाइव्ह पेनड्राइव्हवरून करणं बरं. विंडोज सुरू झालं की ते स्वतःच्या कामासाठी त्या आजारी डिस्कवर शेकडो गोष्टी लिहीत-वाचत राहतं. पेनड्राइव्हवरून सुरू केलं तर डिस्क शांत असते, तुम्ही मागाल तेवढंच वाचते.

महत्त्वाचे फोल्डर निघाले की मग जीएनयू डीडीरेस्क्यू, खराब डिस्कमधून जमेल तेवढं वाचून काढणारं सॉफ्टवेअर. याची रीत मला फार आवडते. पहिल्या फेरीत सोपं सोपं वाचून घेतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं. कुठे काय अडलं याची नोंद एका नकाशाफाइलीत ठेवतं. सगळं निघालं की मग त्या सोडलेल्या जागांकडे परत येतं. मध्येच वीज गेली तरी नकाशा असल्यामुळे जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल, ठेवायला बाहेरची डिस्क ५०० जीबीहून मोठी हवी आणि ती फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

मी मुलुंडला राहतो. पेनड्राइव्ह तयार करून देतो, उद्या संध्याकाळी भांडुप स्टेशनला येऊ शकेन. खाजगी संदेश पाठवलाय.

---

अनुस्वार | शनिवार, रात्री ११:३०

ताई, प्रश्नपत्रिका कुठल्या फॉन्टमध्ये आहेत? युनिकोड, की श्रीलिपी, कृतिदेव असं काही?

मी डीटीपीचं काम करते म्हणून विचारते. जुन्या फॉन्टांमध्ये 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलं नसतं. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण पानभर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. आमच्याकडे एकदा एका मासिकाचे चौदा अंक नीट वाचले होते आणि फॉन्ट गेला होता. तेच वळण, तीच मांडणी असलेला फॉन्ट मिळेपर्यंत महिना गेला.

सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे. तो अख्खा कॉपी करा. दोन-पाचशे एमबी असेल-नसेल.

---

सायंतारा | शनिवार, रात्री ११:४४

२०१८पर्यंतचं सगळं श्रीलिपीत आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. अनुस्वार, मनापासून आभार.

---

सायंतारा | मंगळवार, दुपारी ३:२०

रविवारी पेंग्विनप्रेमी आणि त्यांच्या सौभाग्यवती पावसात आले. स्टेशनवर उभं राहून कसं समजणार, म्हणून घरीच बोलावलं.

प्रश्नपत्रिकांचा फोल्डर आधी काढला. दोन हजारांच्या वर फाइली, अकरा फाइलींवर अडलं. मग फॉन्ट. मग आईचे फोटो. मग रात्रभर डीडीरेस्क्यू लावून ठेवलं. सोमवारी सकाळी उठून पाहिलं तर पडद्यावर न वाचलेला भाग काही एमबींवर आला होता, तिसऱ्या फेरीनंतर आणखी उतरला. अडलेल्या अकरापैकी आठ फाइली त्या प्रतिमेतून शाबूत निघाल्या. तीन गेल्या. त्यातली एक २०१७ची भूमितीची प्रमेयांची सरावपत्रिका, आकृत्यांसकट. ती करायला मला मे महिन्याची अख्खी सुट्टी लागली होती.

तीनच गेल्या असं सगळे म्हणतील, मीही म्हणते आहे. तरी त्या एकीचं वाईट वाटतंय.

आता खरेदी. काय घेऊ, कुठून घेऊ?

---

गिरणगावकर | मंगळवार, संध्याकाळी ६:००

ग्रँट रोड पूर्वेला उतरा, लॅमिंग्टन रोड चालत पाच-सात मिनिटं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल, लोक अजूनही १९०३ ते १९०७मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनच्याच नावाने ओळखतात. भांडुपहून दादरला गाडी बदला. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी फार गर्दी. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकरानंतर उत्तम.

पहिल्या दुकानात घेऊ नका. तीन ठिकाणी भाव विचारा. रस्त्यावर 'क्या चाहिए मॅडम' म्हणत पुढे येणाऱ्याच्या मागे जाऊ नका. पक्कं बिल घ्या आणि त्यावर एसएसडीचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते, पण सिरियल नसलेलं बिल दाखवलं तर कोणी विचारत नाही.

---

दुरुस्तीवाला | मंगळवार, रात्री ८:४५

ही चिठ्ठी लिहून न्या:

एसएसडी, २.५ इंची, साटा जोडणीची, ७ एमएम जाडीची, ४८० किंवा ५०० जीबी. ओळखीच्या कंपनीची, सील असलेल्या खोक्यातली.

रॅम, लॅपटॉपची, डीडीआर३एल, १.३५ व्होल्ट, १६०० मेगाहर्ट्झ, ४ जीबी एक. जमल्यास ८ जीबी. तुमच्या मशीनमध्ये एका स्लॉटला ८पर्यंत चालते.

४ आणि ४ अशी जोडी बसली तर दोन्ही स्टिक एकदम काम करतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. तुमच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पडदाही याच रॅमवर चालतो, त्यामुळे त्याचा उपयोग होतो. ४ आणि ८ लावली तरी चालतं, बारापैकी आठ जीबी जोडीने चालते.

ऑनलाइन १६ टीबीची बाहेरची एसएसडी दोन-अडीच हजारांत दिसते. ती उघडली की आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं. कॉम्प्युटरला मोठा आकडा खोटा सांगितलेला असतो, भरायला लागलं की जुन्या फाइली पुसल्या जातात. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा.

---

चिंचपोकळी_९३ | मंगळवार, रात्री १०:१५

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. माझा २०१८चा आहे. आत लांबट पट्टीसारखी एसएसडी बसते. ती साटा जोडणीची की एनव्हीएमई (त्याहून नवी, वेगवान जोडणी) हे कसं ओळखायचं? आणि ४ जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, ती निघेल का?

---

दुरुस्तीवाला | मंगळवार, रात्री १०:४०

बोर्डावरची निघत नाही. एखादा मोकळा स्लॉट सोबत असतो, त्यात ८ टाका. काहींत तोही नसतो, मग आहे त्यात समाधान.

पट्टीला एम.२ म्हणतात. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. पट्टीच्या पायाला दोन खाचा असतील तर बहुतेक साटा, उजवीकडे एकच असेल तर बहुतेक एनव्हीएमई. पण पट्टी खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही. काही स्लॉट फक्त साटा वाचतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. मॉडेल नंबर टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा, त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं.

---

सायंतारा | गुरुवार, रात्री ९:०५

बुधवारी जाऊन आले. दोन्ही वस्तू स्टीलच्या डब्यात ठेवून आणल्या, दादरला धो धो होता.

आज दुपारी शिकवणीआधी उघडला. चार्जर काढला, बॅटरी सरकवून काढली, बटण वीस सेकंद दाबून धरलं, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून लोखंडी कपाटाला हात लावला. एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू तिथेच कागदाला टोचून ठेवला. नाहीतर लांब आणि आखूड स्क्रूंची गल्लत झाली असती, दोघांत तीन मिलिमीटरचा फरक आहे.

डिस्कची खिडकी वेगळीच होती, चार स्क्रू. जुनी डिस्क हातात घेतली तर जड लागली, एसएसडी तिच्यापुढे रिकाम्या काडेपेटीसारखी. डिस्क धरून ठेवणारा पत्र्याचा कंस जुनीवरून काढून नवीला लावला, सरकवली, खट्ट झालं. पेनड्राइव्हवरून विंडोज घातलं. परवान्याचा क्रमांक, म्हणजे 'की', मागितली तिथे पेंग्विनप्रेमींनी सांगितल्याप्रमाणे 'माझ्याकडे की नाही' निवडलं. नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं, परवाना बोर्डाशी बांधलेला असतो म्हणे.

इथपर्यंत छान. मग रॅम लावली आणि पडदा काळा. पंखा फिरतो, दिवा लागतो, बाकी काही नाही. रॅम काढली की परत चालू. नवी एकटीच लावून पाहिली, तरी काळा. स्लॉट बिघडवला का मी?

---

दुरुस्तीवाला | गुरुवार, रात्री ९:१२

नाही बिघडवला. घाबरू नका.

नव्या स्टिकवरचा स्टिकर जसाच्या तसा इथे लिहा. जुनीवरचाही.

---

सायंतारा | गुरुवार, रात्री ९:२०

जुनी: ४जीबी, १आरएक्स८, पीसी३एल, १२८००एस.
नवी: ४जीबी, २आरएक्स८, पीसी३, १२८००एस.

---

दुरुस्तीवाला | गुरुवार, रात्री ९:२६

'पीसी३' पुढचा 'एल' नाही. तोच घोळ.

एल म्हणजे कमी व्होल्टेज, १.३५. तुम्हाला दिलेली साधी डीडीआर३ आहे, १.५ व्होल्टची. दोघींना २०४ पिना, खाचही एकाच जागी, त्यामुळे स्लॉटमध्ये मजेत बसते. पण चौथ्या पिढीचा हा लॅपटॉप १.३५च देतो. तिसऱ्या पिढीत दोन्ही चालायच्या, म्हणून दुकानदार 'सब में चलता है' म्हणून देतात. डीडीआर४ असती तर २६० पिना आणि खाच वेगळीकडे, बसलीच नसती. बरं झालं असतं.

बदलून घ्या. बिल आहे ना?

---

सायंतारा | शुक्रवार, रात्री ८:५०

बिल होतं. दुकानात चिठ्ठी दाखवली, त्यांनी कुरकुर न करता बदलून दिली. या वेळी काउंटरवरच उभं राहून स्टिकर वाचला.

घरी येऊन लावली. पुन्हा काळा पडदा! या वेळी मात्र तीन बीप आले.

---

दुरुस्तीवाला | शुक्रवार, रात्री ९:०२

बीप आले म्हणजे तो तक्रार करतोय, तक्रार करतोय म्हणजे जिवंत आहे. दुसरा स्लॉट बारा वर्षं रिकामा होता ना? आपल्या मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत आतल्या पिनांवर थर बसतो. स्टिकही कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली असणार.

बॅटरी परत काढा. पांढरं मऊ खोडरबर घ्या, शाईचं खरखरीत नको. स्टिकच्या सोनेरी दातांवरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, दोन्ही बाजूंनी. चुरा झटकून कोरड्या सुती कापडाने पुसा, दातांना बोट लावू नका. स्लॉटमध्ये खोडरबर नको. तिथे स्टिक चार-पाच वेळा घाला-काढा, तेवढ्याने पिना घासल्या जातात.

लावताना स्टिक तिरपी धरून पूर्ण आत रेटा. सोनेरी पट्टी जेमतेम रेघभर दिसली पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या कड्या एकदम खट्ट झाल्या पाहिजेत. एकच वाजली तर काढून परत.

---

सायंतारा | शुक्रवार, रात्री ९:३८

खोडरबर काळं झालं. खरंच काळं, पेन्सिल खोडल्यासारखं.

चालू झाला. ८ जीबी दिसतेय, दोन्ही स्लॉट वापरात.

---

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ९:४४

वाचता वाचता मीच खुर्चीच्या टोकावर आले होते. अभिनंदन ताई!

---

पेंग्विनप्रेमी | शुक्रवार, रात्री १०:३०

वा! आता रात्री झोपताना रॅम तपासणारं मेमटेस्ट लावून ठेवा. जुनी स्टिक आहे, एक पूर्ण फेरी बिनचूक गेली की निर्धास्त. चुका दाखवल्या तर कितीही चांगली चालत असली तरी परत करा. खराब रॅम फाइली हळूहळू नासवते आणि महिनोन्महिने कळत नाही.

मीठागर यांचा विंडोज १०चा मुद्दा उरतोच. माझी सूचना: ४८० जीबीतले १०० जीबी लिनक्स मिंटला (लिनक्सचीच एक सोपी आवृत्ती) द्या. बँक, ईमेल, वेबसाइट सगळं मिंटमधून. विंडोज फक्त जुन्या श्रीलिपीच्या कामाला, नेट बंद ठेवून. मिंटला ४ जीबी पुरते, तुमच्याकडे ८ आहे.

---

मीठागर | शनिवार, सकाळी ९:१०

हा तोडगा मलाही पटला. विंडोज ११ आडमार्गाने घालायला कोणी सांगितलं तर मात्र ऐकू नका, पुढचे अपडेट मिळतील याचा भरवसा नाही.

---

सायंतारा | पुढच्या रविवारी, संध्याकाळी ५:१५

मेमटेस्ट रात्रभर चालला, एकही चूक नाही. मिंट घातलं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही तसाच आहे, बोटांना काही वेगळं शिकावं लागलं नाही.

तेच घड्याळ लावून परत मोजलं. बटण दाबल्यापासून वर्डमध्ये पहिलं अक्षर: अडतीस सेकंद. त्यातले काही माझा पासवर्ड टाइप करण्यात गेले.

गेलेली भूमितीची पत्रिका नव्याने करायला घेतली आहे, युनिकोडमध्ये. पायथागोरसपर्यंत आले. दहावीतल्या एका मुलाने ताईकडची जुनी झेरॉक्स शोधून आणली, त्याची ताई २०१७ला माझ्याकडे होती. आकृत्या त्यावरून परत काढते आहे.

एक शंका राहिली. जुन्या डिस्कचं काय करू? भंगारवाला बॅटऱ्या-वायर नेतो, त्याला देऊ का?

---

दुरुस्तीवाला | रविवार, संध्याकाळी ६:४०

तशीच देऊ नका. त्यावर तुमचं सगळं अजून आहे, मुलांच्या घरचे फोन नंबरसुद्धा. आणि आत्ता पुसूही नका. भूमितीची ती फाइल अजून त्यातच कुठेतरी आहे. प्रतिमेची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, मग वर्षभर तिला प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून कपाटात ठेवा. वर चिठ्ठी लावा: 'खराब, लावू नये', आणि तारीख. घरात कोणीतरी चांगली समजून केसिंगमध्ये घालतंच.

वर्षानंतर पूर्ण शून्यांनी भरून पुसायची. तोवर तिने उठणं सोडलं असेल तर दुकानात आणा, तबकडीला ड्रिलने भोक पाडून देतो, मग ई-कचऱ्यात.

---

सायंतारा | रविवार, संध्याकाळी ७:०५

चिठ्ठी लावली. दुसरी प्रत आत्ता कॉपी होतेय, अजून चाळीस मिनिटं दाखवतंय.